सवतीच्या पोटातला आवाज

माझ्या बाबांना कॉम्प्युटर येतो असं अहेरीत आमची सगळी गल्ली मानते. खरं सांगायचं तर त्यांना वर्ड येतं. कॉम्प्युटर वेगळा आणि वर्ड वेगळं, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. त्यांचं एकच उत्तर, मी यावर बसलो तेव्हा तू शाळेत जात होती. झालं, विषय संपला. नाकावर राग माझ्याही आहे, पण हट्टात मी त्यांच्यापुढे काहीच नाही.

नोकरीभर ते एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले तेव्हा शिकवायला चंद्रपूरहून एक माणूस आला होता. त्यानं निळ्या डब्ल्यूवर दोनदा टिचकी कशी मारायची ते दाखवलं, कोंबडीचं जेवण जेवला आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. त्या निळ्या दारातून बाबा आत शिरले ते पुन्हा कधी बाहेर आलेच नाहीत. कॉम्प्युटर सुरू झाला की आधी वर्ड. वर्डमध्ये गेलं की 'ओपन'. ओपन म्हटल्यावर जी खिडकी उघडते, ती म्हणजे त्यांची रेकॉर्ड रूम. तिथंच ते नवं फोल्डर तयार करतात, तिथंच उजवं बटन दाबून नावं बदलतात, नको ते खोडतात, एकातली फाईल उचलून दुसऱ्यात टाकतात. फोल्डरला ते बस्ता म्हणतात. कचेरीत कागदांचा गठ्ठा लाल फडक्यात बांधून ठेवायचे, तो बस्ता. त्या खिडकीत जेवढं दिसतं तेवढंच कॉम्प्युटरात आहे, असा त्यांचा पक्का समज. कधी चुकून ती मधली खिडकी बंद झाली की नुसत्या पडद्याकडे बघत म्हणायचे, यात काहीच नाई.

दुसरी एक खोड. आमच्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. वारा सुटला की गेली, जंगलात कुठं झाड पडलं की गेली. कचेरीत असताना एकदा त्यांचं दिवसभराचं काम असंच गेलं. तेव्हापासून फाईल उघडली की एक अक्षर टाइप करायच्या आधी ते सेव्हचं बटन दाबतात. नुसती बघायला उघडली तरी दाबतात. अहो, काही बदललंच नाही तर सेव्ह कशाला, असं मी म्हणायची. ते म्हणायचे, तुझ्या चंद्रपुरात राहते लाईन, इथी नाई राहत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी स्वतःचा कॉम्प्युटर घेतला आणि समोरच्या खोलीत मांडला. लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. कुणाचा घरकुलाचा, कुणाचा जातीच्या दाखल्याचा, कुणाचा वनहक्काच्या पट्ट्याचा. बाबा पैसे घेत नसत. कुणी अंबाडीची भाजी आणून द्यायचं, कुणी झिंगे. आईला हे सगळं मान्य होतं, पण कॉम्प्युटर मान्य नव्हता. ती त्याला सवत म्हणायची, आणि तेही आल्यागेल्यासमोर. अर्ज लिहायला आलेल्या बायकांना सांगायची, या बसा, तो सवतीपाशी बसला हाये, उठला का तुमचं होईन. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. बाबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

आई बोलायची. आता हे काय सांगायचं, सगळ्यांच्याच आया बोलतात. पण माझी आई कोंबड्यांशी बोलायची, कुकरशी भांडायची, सिलेंडर संपलं की त्याला शिव्या द्यायची. तिचं माहेर सिरोंच्याकडचं, म्हणून राग आला की तेलुगू आणि लाड आला की झाडीबोली. बाबांना जेवायला बोलवायचं म्हणजे एक सोहळाच असायचा. पहिल्या हाकेला ते उठायचे नाहीत. दुसऱ्या हाकेला 'हूं' म्हणायचे. मग आई उंबऱ्यात येऊन उभी राहायची आणि सवतीचा उद्धार करायची, तेव्हा कुठं ते चष्मा काढायचे. हे रोजचं होतं, आणि मला वाटायचं दोघांनाही ते आवडतं.

तिला खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणाची, सवय होती. आमच्याकडे बायकाही खातात, त्यात कुणाला काही वाटत नाही. गालात तोबरा धरूनच ती सगळं बोलायची. मग आवाज बसायला लागला. आधी सर्दी म्हणाली, मग धूळ म्हणाली. आष्टीच्या रस्त्यानं दगडाचे ट्रक जातात, त्यांची लाल धूळ सगळ्यांच्याच घशात जाते, तेव्हा आम्हालाही खरं वाटलं. नागपूरला दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. आईनं मला विचारलं, म्हणजे मुकी होईन का मी. मी हो म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही, आणि त्या वेळी बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

ऑपरेशनच्या आधी आम्ही अहेरीला आलो होतो. बाबा बँकेत गेले होते. आई मागच्या ओसरीवर बसली होती, आणि तिनंच विषय काढला. म्हणाली, तुझ्या मोबाईलमधी आवाज भरता येते ना, मग भर. मी मोबाईल तिच्यापुढं धरला. काय बोलू म्हणाली. काहीही बोल म्हटलं. तिनं जरा विचार केला, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं आणि रोज जेवायला बोलवायची तशी हाक मारली. मग गोळी घ्यायची आठवण द्यायची मारली. मग मागच्या दाराला कडी लावायची. शेजारच्या चाचींचं शिलाईचं मशीन चालू होतं, कोंबड्या पायात होत्या, ते सगळं त्यात भरलं गेलं. शेवटी तिला आपल्याच नाटकाचं हसू आलं आणि ती नुसती हसत राहिली. तेही मी भरलं.

"मी गेल्यावर हा माणूस जेवनच नाई," ती म्हणाली. "याले भूक लागली हे बी मलेच सांगा लागते. तू हे त्या सवतीच्या पोटात ठेवून दे. दिवसभर तिथीच बसते तुझा बाप. पण मी आहो तोवर सांगू नको."

त्याच दुपारी बाबा यायच्या आत मी वायर लावली, 'आई' नावाचं फोल्डर केलं आणि चारही आवाज त्यात टाकले. जेवण, गोळी, मागचं दार, हसणं, अशी नावं दिली. बाबांचे सगळे बस्ते जिथं असतात त्यांच्याच शेजारी ठेवलं, म्हणजे त्यांना शोधावं लागू नये.

ऑपरेशननंतर आई वर्षभर होती. गळ्यावर भोक, त्यावर पांढरं फडकं. बोलणं बंद. जेवायला बोलवायचं तर ती स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवायची, आणि बाबा पहिल्याच ठणक्याला उठून जायचे. मी सुट्टीत आले की हे बघायची आणि मला दुसऱ्या खोलीत जावंसं वाटायचं. इतकी वर्षं जे कधी केलं नाही ते ते तेव्हा करत होते, आणि तिला त्याचा राग येत होता, हे मला दिसत होतं. तिला उंबऱ्यात येऊन भांडायचं होतं.

पावसाळ्यात ती गेली. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि निघायच्या आधी मी बाबांना सांगितलं. म्हटलं, आईचा आवाज मी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवलाय, 'आई' नावाच्या बस्त्यात आहे, मन झालं की उघडा. त्यांनी मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान हलवली. कसं उघडायचं ते मी दाखवलं नाही. माझ्यादेखत ऐकतील आणि रडतील, आणि मग मलाही आवरणार नाही, या भीतीनं मी बस गाठली. बापलेकीत हे असंच असतं, निदान आमच्यात तरी.

मी चंद्रपूरला राहते आणि कोरपन्याकडे एका शाळेत शिकवते. सकाळी बसमध्ये बसले की बाबांना फोन करायचा हा नेम. दोनचार दिवसांनी मी विचारायची, आईचं उघडता का. ते म्हणायचे, रोज उघडतो, बसतो थोडा वेळ. बरं वाटते का, मी विचारायची. बरं वाटते, ते म्हणायचे. याच्या पुढं मी कधी गेले नाही. बस सिमेंटच्या कारखान्याजवळून जायची, खिडकीच्या काचेवर राखाडी थर बसलेला असायचा, आणि मी मनात म्हणायची, चला, आईनं एक काम केलं ते कामाला आलं.

थंडीत शेजारच्या चाचींचा फोन आला. त्यांचे आणि आमचे संबंध माझ्या जन्माआधीचे. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ भिंतीवरूनच इकडेतिकडे जातो. चाचींना माझ्यासारखंच आडून बोलता येत नाही. म्हणाल्या, तुझा बाप सुकून काडी झालाय. डबा दिला तर घेतात, ठेवून देतात, संध्याकाळी मांजर खाते. कुणी विचारलं तर सांगतात, जेवीन, अजून वेळ आहे. मी तशीच शाळेतून रजा घेतली आणि एसटी पकडली. गोंडपिंपरी, आष्टी, आलापल्ली, सगळी वाट मी त्यांना काय काय बोलायचं त्याची तयारी करत होते.

बाबांनी दार उघडलं. सदऱ्याचं वरचं बटन लागलेलं होतं आणि तरी गळ्याची हाडं दिसत होती. मनगटातलं घड्याळ कोपराकडे सरकत होतं. मी पिशवी टाकली आणि आधी चूल, म्हणजे गॅस, पेटवला. भात टाकला, लाखोरीची डाळ शिजवली, वाळल्या झिंग्याची चटणी केली, कारण ती त्यांना आवडते. ताट वाढलं आणि हाक मारली, बाबा जेवायला चला.

ते समोरच्या खोलीत बसले होते. म्हणाले, तू घे जेवून. मी म्हटलं, तुम्हाला वाढलंय. म्हणाले, मी जेवीन, बोलावलं का जेवीन.

मला वाटलं ऐकू कमी येतं. मी उंबऱ्यात गेले आणि जोरात म्हटलं, बोलावलं ना आत्ताच.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले असं वाटून, पोरगी दमून आली आहे म्हणून सोडून देत होते.

"तू नाई," ते म्हणाले. "तुझी माय बोलावते तेव्हा जेवतो मी. कधी बोलावते, कधी नाई बोलावत."

खरं म्हणजे मी भुताखेतांना मानत नाही. शाळेत पोरांना त्यावर धडा शिकवते. पण त्या खोलीत आईचा खर्र्याचा वास अजून होता, दिवस कलत होता, आणि त्यांच्यामागं कॉम्प्युटर चालू होता. मी जवळ गेले. वर्ड उघडं होतं. वर्डमध्ये ओपनची खिडकी उघडी होती. डावीकडे त्यांचे बस्ते, आणि उघडलेला बस्ता 'आई'. आत काहीही नव्हतं. पांढरी मोकळी जागा, आणि वर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, की इथं दाखवण्यासारखं काही नाही.

त्याच्यासमोर ते मांडीवर हात ठेवून बसले होते. देवळात बसतात तसे.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वर्डच्या त्या खिडकीत वर्डच्याच फाइली दिसतात. बाकीचं सगळं ती लपवून ठेवते, खाली कोपऱ्यात कुठल्या फाइली दाखवायच्या ते निवडायची एक बारीक पट्टी असते, ती बदलल्याशिवाय. आवाज तिथंच होते. पण ज्या एकमेव दारातून बाबा आत जातात, त्या दारातून ते दिसतच नव्हते. पाच महिने ते रिकामा बस्ता उघडून बसत होते.

"बाबा, यात काही दिसत नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"आवाज का डोळ्याले दिसते?" ते म्हणाले. "रिकामंच दिसन ना. तू ठेवला म्हणाली, म्हणजे ठेवला असन. मले पयले नाई आयकू आला. बसत गेलो, बसत गेलो, मग आयकू आला."

मी स्टूल ओढून त्यांच्या मागं बसले. बाहेर चाचींच्या मशीनचा आवाज थांबला होता. आम्ही दोघं त्या पांढऱ्या जागेकडे बघत होतो. मी कान देऊन ऐकत होते, हे कबूल करते. पंख्याची घरघर होती, बाकी काही नाही. मग त्यांनी मान जराशी तिरपी केली, आई बोलायला लागली की करायचे तशी, आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, तिन्हीसांजेले केस मोकळे सोडून काऊन बसली, वेणी घाल म्हणते.

माझे केस मोकळे होते. बसच्या धुळीनं कचकचत होते म्हणून स्वयंपाक करताना मी ते सोडले होते. बाबांनी मागं वळून बघितलं नव्हतं. आई जन्मभर मला हेच म्हणायची, त्यामुळे त्यात नवल असं काही नाही, हे मी आता चंद्रपूरला बसून लिहू शकते. त्या वेळी मी मुकाट्यानं केस बांधले.

आता काय करायचं ते मला कळत होतं आणि करवत नव्हतं. खालची पट्टी बदलायची, बस्स. एका टिचकीचं काम. तिनं बोलावलं नाही म्हणून हा माणूस उपाशी राहत होता, आणि तिचं बोलावणं तिथंच, त्या पांढऱ्या जागेमागं पडलं होतं. पण तो माणूस आत्ता तिच्याजवळ बसला होता. ती त्याच्याशी बोलत होती, त्याचं ऐकत होती. मी तिथं हात घालणारी कोण? मी त्यांच्या गळ्याच्या हाडांकडे बघितलं आणि माऊस हातात घेतला. मला राग आला होता. कुणाचा ते नक्की सांगता येत नाही. बहुतेक आईचा.

पट्टी बदलली आणि पांढऱ्या जागेत चार ओळी उभ्या राहिल्या. बाबा पुढं झुकले. चष्मा सारखा केला आणि कचेरीतली नस्ती वाचावी तशी बोट ठेवून वाचली. जेवण. गोळी. मागचं दार. हसणं.

"हे इथी होतं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मी थांबवायच्या आत त्यांनी माऊस ओढून घेतला आणि पहिल्या ओळीवर दोनदा टिचकी मारली.

वर्डनं ती फाईल उघडली. वर्डला काय, ते प्रत्येक गोष्ट कागद समजूनच उघडतं. पानभर चौकोन, उलटीसुलटी चिन्हं, कुठल्याच भाषेतली नसलेली अक्षरं, मधेच एखादा आकडा. खाली सरकवलं तर आणखी पानं, आणखी, संपतच नव्हती. माझ्या आईची हाक अशी पसरली होती. बाबा ते वाचायचा प्रयत्न करत होते. खरंच वाचत होते, ओठ हलत होते.

आणि त्यांचा हात सेव्हकडे गेला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी त्यांचं मनगट धरलं, इतक्या जोरात की ते ओरडलेच. माझा जुना मोबाईल पावसाळ्यातच पाण्यात पडून गेला होता. तो आवाज जगात फक्त तिथं होता, आणि त्यांनी ते बटन दाबलं असतं तर वर्डनं त्या चौकोनांनाच खरं मानून त्याच्यावरच लिहून टाकलं असतं. आवाज पुन्हा कधी वाजला नसता. "दाबू नका," मी म्हटलं. "बाबा, तुम्हाला आईची शपथ आहे, दाबू नका." त्यांनी हात मागं घेतला. मी ती फाईल सेव्ह न करता बंद केली, वर्ड बंद केलं आणि बाहेरच्या दारानं, म्हणजे थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमधून, आत गेले. 'जेवण'वर टिचकी मारली.

आधी मशीनचा आवाज आला. मग कोंबड्या. मग आई.

"आयकलं का, जेवाले या. भात थंडा होऊन राह्यला."

"आलो," बाबा म्हणाले.

आणि उठले. जन्मात पहिल्यांदा तिच्या पहिल्या हाकेला उठले. चष्मा काढून ठेवला, मागं जाऊन हातपाय धुतले, स्वयंपाकघरात पाटावर बसले. भात खरोखर थंड झाला होता. मी गरम करायला उठले तर राहू दे म्हणाले. डाळ कालवली आणि जेवले, चटणी पुन्हा मागून घेतली. मी वाढलं, मग मागच्या ओसरीवर जाऊन तोंडात पदर घालून रडले. त्यांच्यासमोर रडले असते तर जेवण थांबलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ते आवाज आणखी दोन ठिकाणी ठेवले आणि पडद्यावर समोरच दिसतील असे काढून दिले, म्हणजे वर्डमधून जायलाच नको. कसं वाजवायचं ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. बाबा मन लावून शिकले. शिकायचं ठरवलं की ते शिकतात. मी चंद्रपूरला परतले.

चाचींचे फोन यायला लागले, चांगले. जेवतात आता. दुपारी बारा वाजले की भिंतीपलीकडून तुझी आई बोलावते, पहिल्या दिवशी माझ्या हातातली कात्री पडली, आता सवय झाली, असं म्हणून त्या हसल्या. बाबा गोळी वेळेवर घेतात, मागचं दार लावतात. मी होळीला गेले तर सदऱ्याचं वरचं बटन त्यांना लावता येत नव्हतं. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले. मला माझा फार अभिमान वाटत होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर सकाळच्या फोनवर त्यांनी मला विचारलं, "बाई, ते तू खालचं बदलवलं होतं, ते पयल्यासारखं होते का?"

मी म्हटलं, पट्टीवर पुन्हा वर्डचं नाव निवडा, झालं.

"ते केलं मी," ते म्हणाले. "तू गेली त्याच दिवशी केलं. बस्ता रिकामा दिसते. रोज बसतो संध्याकाळी. पण तुझी माय आता बोलत नाई त्यात."

बस थांब्यावर उभी होती. लोक चढत होते, कंडक्टर मागं सरका म्हणत होता. मी म्हटलं, आहे ना बाबा तिचा आवाज, रोज तर ऐकता.

"आहे," ते म्हणाले. "तिचाच आहे, मले समजते ना. बोलावते, मी जेवतो. पण हा आवाज बोलते फक्त. माझं आयकत नाई. रिकाम्या बस्त्यातली आयकत होती."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. म्हटलं, मला सांगा ना. आज काय झालं, कोण अर्ज लिहायला आलं, काय वाटतं, सगळं मला सांगत जा, मी ऐकते.

कंडक्टरनं घंटा मारली आणि बस हलली.

"तुले नाई सांगता येत ते, माय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग त्यांनी विचारलं, तू जेवली का.

मी जेवले नव्हते. हो म्हटलं.